बाई ऊनी का तीन

शहादे,
गुरुवार, १६ जानेवारी १९६४

प्रिय रतिलाल,

रविवार, १५ डिसेंबर १९६३, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली होती, कारण अन्यायाला तारीख-वेळ नसली की पुढे लोक त्याला गैरसमज म्हणू लागतात. कापसाच्या जिनामागचं आपलं मैदान, नंदुरबारच्या मुलांशी सामना, एक-एक गोल झालेला आणि संपायला दहा मिनिटं उरलेली. त्यांचा तो उंच, पाय मोकळे टाकणारा मुलगा आपल्या गोलापाशी आला. चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्यासमोर आपले दोघेच होते, गोलात वीरसिंग आणि पुढे सलाउद्दीनचा वाहिद. दोघे, तिघे नव्हेत. वाहिदनं मोजलं, मी शिकवल्याप्रमाणे हात वर केला आणि जागच्या जागी उभा राहिला. रस्त्यात बसलेल्या बैलाकडे पाहावं तसं त्या उंच मुलानं त्याच्याकडे पाहिलं, वळसा घातला आणि दोन बांबूंच्या मधून चेंडू घालवला. तू पंच होतास. तोंडात शिट्टी, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर. आणि तू गोल दिलास.

मग मी छत्री घेऊन मैदानात आले. मी काय बोलले ते सगळ्या गावानं ऐकलं आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, आंदण मुलीकडचे देतात, इथं तर लग्नाआधी जावईच सासरला आंदण द्यायला निघाला. तुझे होणारे सासरे, नंदुरबारचे सुकलालभाई, परीटघडीचं धोतर नेसून, जावई कसा दिसतो ते पाहायला मुद्दाम आले होते आणि माझ्यापासून चार हातांवर उभे होते, हे मला बोलून झाल्यावर दिसलं. लोक हसले. तू हसला नाहीस. तू एवढंच म्हणालास, "बाई, गोल शे." मग गळ्यातली दोरी काढलीस, शिट्टी माझ्या तळहातावर ठेवलीस आणि लोणखेड्याच्या रस्त्याला लागलास. उरलेली दहा मिनिटं शिट्टी मीच वाजवली. सगळी आपल्या बाजूनं वाजवली, तरी आपण हरलो.

आज त्याला एक महिना आणि एक दिवस झाला. लोणखेडं माझ्या दारापासून जेमतेम दीड मैल. एवढ्या अंतरावर पत्र लिहिण्याची पाळी आली, कारण मी तीनदा येऊन गेले आणि तिन्ही वेळा तू घरी नव्हतास. पहिल्यांदा तू केळीच्या बागेत होतास, दुसऱ्यांदा प्रकाशा गावाला, तिसऱ्यांदा तुझ्या आईला काही सुचलंच नाही. जसोदाबाईंसारखी सरळ बाई मी पाहिलेली नाही. खोटं बोलताना त्या माझ्याकडे न पाहता दारातल्या तुझ्या चपलांकडे पाहत होत्या. चहा मात्र प्रत्येक वेळी दिला, आणि दूध दर खेपेला वाढतच गेलं. संक्रांतीला तू तीळगूळ घ्यायला येशील असं मला वाटलं होतं. चौथीत असल्यापासून तुझी एक संक्रांत चुकलेली नाही. बडोद्याला शिकायला होतास तेव्हाही पोस्टानं चार दाणे मागवून घेतलेस. परवा संध्याकाळपर्यंत मी वाटी झाकून ठेवली होती. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा मलाच नीट कळायला महिना लागला, म्हणून तो मी क्रमानं सांगणार आहे. मध्ये तोंड घालता येणार नाही हा पत्राचा फायदा मला या वयात उमगतो आहे.

तुला ठाऊक आहे, छप्पन साली मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोप-समारंभात शाल आणि नारळ नको, चामड्याचा फुटबॉल द्या, असं मी कमिटीला लेखी कळवलं होतं. कमिटीनं तिन्ही दिली. शाल कपाटात आहे, नारळाची चटणी झाली आणि चेंडूतून आपलं बालमंडळ निघालं. लोक विचारायचे, नऊवारी नेसणाऱ्या बाईला फुटबॉल कुणी शिकवला. मी सांगायचे, सिस्टर ब्रिजेटनं. पण सिस्टर कोण, हे तुम्हा कुणाला मी धड कधी सांगितलं नाही. १९१० साली ती आयर्लंडातून आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आली. वय चोवीस, बरोबर एकच पत्र्याची पेटी. घरी सहा भाऊ आणि ही एकटी बहीण, त्यामुळे गोलात उभं राहायला कुणी नसलं की हिला उभं करायचे. आमच्याकडे आल्यावर ती गणित शिकवायची, आणि मदर सुपीरियर दुपारची झोपली की मागच्या अंगणात आम्हा मुलींना दोन गट करून सोडायची. झगा एका हातानं उचलून ती धावायची तेव्हा तिचे काळे मोजे दिसायचे आणि आम्हाला काहीतरी मोठं गुपित कळल्यासारखं वाटायचं. ऑफसाइड तिनं आम्हाला असा शिकवला: पुढे गेलीस की मान वर कर आणि तोंडं मोज. गोलकीपर धरून तीन तोंडं दिसली तर खेळ, कमी दिसली तर तू चोर.

तेच मी तुम्हाला शिकवलं. तीन तोंडं मोजा रे. आपली मुलं पळता पळता ओठ हलवून मोजतात, एक, दोन, तीन, हे बाहेरच्यांना वेडेपणाचं वाटायचं. मला नाही वाटायचं. भूक लागली तरी पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास उचलायचा नाही, त्यातलीच ही एक शिस्त, असं मी समजत होते.

सामना झाला त्याच रात्री मी पुण्याला मेहरुन्निसाला पत्र घातलं. कॉन्व्हेंटमध्ये ती माझ्या गटात गोलकीपर असायची. तिचा भाचा पुण्यात खेळांचं सामान विकतो. मी लिहिलं, फुटबॉलच्या नियमांचं अधिकृत पुस्तक ताबडतोब पाठव, मला एका माणसाच्या तोंडावर मारायचं आहे. तो माणूस तू. मी ठरवून ठेवलं होतं की ऑफसाइडच्या पानात खूण घालून ते पुस्तक सुकलालभाईंच्या हस्ते तुझ्याकडे पोचवायचं.

पुस्तक ४ जानेवारीच्या टपालानं आलं. टपालवाला अजून फाटकातच होता तेव्हा मी ते पान काढलं. तिथं दोन लिहिलं होतं.

छपाईची चूक असेल असं मला वाटलं. मी भिंग आणलं. भिंगातून दोन थोडं मोठं दिसलं, एवढाच फरक. पुस्तक उलटंपालटं केलं तेव्हा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत इतिहास सापडला: पूर्वी तीन होते, १९२५ साली बदलून दोन केले. १९२५ साली मी चोवीस वर्षांची होते, रोज वर्तमानपत्र वाचत होते, आणि मला कुणीही कळवलं नाही.

खरं सांगू, राग मला दुसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी आलं ते निव्वळ कुतूहल. मी जेवायचं विसरून त्या गोष्टीचा विचार करत बसले. म्हणजे असं बघ, सिस्टर पेटी घेऊन बोटीत बसली तेव्हा त्या पेटीत तिचे मोजे, जपमाळ आणि तीन तोंडांचा नियम होता. पंधरा वर्षांनी तिच्या देशात नियम बदलला. पण पेटीला कोण सांगणार? नन घरी परत जात नव्हत्या, आणि भावांच्या पत्रांत कुणाचं लग्न, कुणाची गाय व्याली हेच असायचं. तिथून तो नियम माझ्या डोक्यात बसून खानदेशात आला. सगळ्या जगात तो मेला, आणि जिनामागच्या एका मैदानावर गुजरांची, भिलांची, मोमिनांची पोरं तो अजून पाळत होती. कदाचित अख्ख्या पृथ्वीवर तेवढंच एक मैदान असेल. मेहरुन्निसालाही ठाऊक नव्हतं. तिनं पुस्तकात चिठ्ठी घातली होती: सरला, आपण ज्या गोलांवरून भांडून आठ दिवस अबोला धरला, ते सगळे आता गोल ठरतात.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तिथून राग सुरू झाला. मला ठाऊक नव्हतं, मग तुला कुठून ठाऊक? आणि केव्हापासून?

सोमवारी सकाळी मी सलाउद्दीनच्या सायकल-दुकानात गेले. आपल्या चेंडूच्या ब्लॅडरला त्यानं इतकी ठिगळं लावली आहेत की आता मूळचं रबर किती आणि ठिगळ किती हे त्यालाच सांगता येत नाही. तो माणूस कधी खोटं बोलत नाही, फक्त पंपाचा आवाज करून उत्तर टाळतो. मी विचारलं, ऑफसाइडला किती मोजतात. त्यानं पंप मारला. पुन्हा विचारलं, पुन्हा पंप. तिसऱ्यांदा चाक टणक होऊन गेलं तेव्हा त्यानं पंप ठेवला आणि मला स्टूल पुसून दिलं. म्हणाला, "बाई, बुरा मत मानना. तुम्ही असल्या की तीन, नसल्या की दोन."

त्यानं सांगितलं ते तुला पाठ आहे, पण मला काय सांगितलं गेलं ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. बडोद्याच्या वसतिगृहात दोन वर्षं तू खऱ्या नियमानं खेळलास. परत येऊन मंडळात शिकवायला लागलास, बुधवारी आणि रविवारी, शेतातली कामं टाकून, फुकट. मी बरोबर असले की तू माझ्यासारखं शिकवायचास. मला ताप असला, मी पुण्याला गेले, किंवा नुसती पाच मिनिटं उशिरा आले, तर तू खरं शिकवायचास. पोरांचा गोंधळ उडू लागला तेव्हा तूच त्यांना ते वाक्य करून दिलंस. बाई ऊनी का तीन, बाई गई का दोन. सलाउद्दीनच्या दुकानासमोर पोरी दोरीवरच्या उड्या मारताना ते म्हणतात म्हणे. मी त्या रस्त्यानं रोज जाते. मला वाटायचं, कसलंतरी पाढ्याचं गाणं आहे. कौतुक वाटायचं.

साडेचार वर्षं, रतिलाल! पंचवीस-तीस पोरं, त्यांचे आईबाप, सलाउद्दीन, आणि कोण जाणे माझ्याकडे भांडी घासणारी सोनीबाईसुद्धा. ज्या गावात संध्याकाळी कुणाच्या घरी काय शिजलं ते सकाळी म्हसावदला कळतं, त्या गावानं साडेचार वर्षं एक गोष्ट माझ्यापासून लपवली. हे कसं जमवलंत, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. नव्या पोराला कोण सांगायचं? कुणी चुकलं तर काय करायचात? बाहेरगावच्या संघांशी आपण कधीच का खेळलो नाही, दर वेळी काही ना काही निमित्त का निघायचं, हेही आता कळलं. या वर्षी नंदुरबारचं आमंत्रण मी परस्पर स्वीकारलं आणि तुझी पंचाईत झाली. त्या सकाळी तू पोरांना जिनाच्या भिंतीआड घेऊन सांगितलंस की आज दोन, बाई असल्या तरी दोन.

वाहिद तिथंच होता, टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधत. सामना झाल्यापासून त्यानं चेंडूला पाय लावलेला नाही. पोरं त्याला तीनतोंड्या म्हणतात. मी त्याला सरळ विचारलं, रतिलालभाऊनं सांगितलं होतं ना, आज दोन, मग हात वर का केलास? त्यानं ट्यूब दाबली, बुडबुडे आले, तिथं अंगठा ठेवला आणि मग म्हणाला, "बाई, आप खडे थे ना वहां."

अकरा वर्षांच्या मुलाचं हे वाक्य घेऊन मी स्टुलावरून उठले आणि घरची वाट धरली. 

यात आणखी एक राहिलं. त्या सामन्यानंतर पहिल्या रविवारी मी शिट्टी घेऊन मैदानावर गेले तेव्हा सात मुलं आली, दुसऱ्या रविवारी चार, नंतर कुणीच नाही. मला वाटलं, मंडळ मोडलं. गेल्या रविवारी दुपारी सोनीबाई बोलता बोलता म्हणून गेली की पोरं गोमाई नदीच्या पात्रात खेळतात. मी गेले. छत्री मिटून घेतली आणि काठावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता त्याच्या आड उभी राहिले. बासष्टाव्या वर्षी पऱ्हाट्यांआड लपून पाहणं शोभत नाही. पण मला पाहायचंच होतं.

काय सांगू तुला. सात वर्षं मी त्या मुलांना खेळताना पाहत होते असं मला वाटत होतं. मी त्यांना मोजताना पाहत होते. वाळूत ती अशी पळत होती की कुणी थांबतच नव्हतं. वीरसिंगनं हातानं चेंडू फेकला, तो बाज्याकडे गेला. सातपुड्यातल्या त्या मुलाला मी मठ्ठ समजायचे, कारण तो माझ्यासमोर नेहमी उशिरा पळायचा. तो उशिरा पळत नव्हता, रतिलाल, तो तीन मोजायला थांबत होता. घरच्या पवारी बोलीत आकडे मोजायचे, ते मराठीत करायचे आणि मग पळायचं, एवढं सगळं तो माझ्यासाठी करत होता. नदीत त्याला काही मोजायचं नव्हतं. दोघांच्या मधून तो असा निघाला की मी टाळी वाजवली. तीच चूक झाली. कुणीतरी वळून पाहिलं, माझी छत्री दिसली, आणि एक बारीक आवाज आला: बाई ऊनी. तेवढ्या एका हाकेनं सगळा खेळ जागच्या जागी मंदावला. पोरांच्या माना वर झाल्या, ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. बाज्या पुन्हा मठ्ठ झाला. कुणी पळून गेलं नाही, कुणी माझ्यावर रागावलेलं दिसलं नाही. मोठ्या माणसासमोर डोक्यावर पदर घ्यावा, तितक्या सहज त्यांनी माझा नियम डोक्यावर घेतला.

मी हात हलवला आणि घरी आले. वाटेत मी तुझ्यावर जितकी चिडले तितकी सामन्याच्या दिवशीही चिडले नव्हते. या माणसाला ठाऊक होतं, आणि यानं मला सांगितलं नाही. लहान मुलाला समजवावं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, तसं यानं माझं मन राखलं. मला अज्ञानी ठेवून माझ्यासमोर मान डोलवली. हो बाई, हो बाई. तुझ्या गप्प बसण्याची मी तीन कारणं काढली. भित्रा आहेस, असं एक. पण भर मैदानात सासऱ्यासमोर गोल देणारा माणूस भित्रा नसतो. लबाड आहेस, असं दुसरं. पण यात तुझा फायदा काय, हे मला शोधून सापडलं नाही. तिसरं, तुला माझी कीव आली. ते मला सहनच झालं नाही. मग मी ठरवलं की तू नेमका कोणत्या दिवशी गप्प बसलास ते शोधायचं, म्हणजे पत्रात तारीख घालता येईल. मंडळाची रोजनिशी मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. तू बडोद्याहून परत आलास त्या सुमाराची पानं काढली.

बुधवार, २४ जून १९५९, संध्याकाळी साडेपाच. त्या पानावर माझ्या अक्षरात एकच ओळ आहे: "आज रतिलालचा उच्चार सुधारला."

ओळ वाचली आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. तू सायकल टेकवून धावत आला होतास. तुझ्या हातात एक घडी केलेला कागद होता, त्यावर पेन्सिलीनं मैदान काढलेलं होतं. तू म्हणालास, बाई, त्या आफसाईडचं एक सांगायचं होतं. आणि मी म्हटलं, आफसाईड नव्हे, ऑफ-साइड. तोंड गोल कर. तू पुन्हा म्हणालास, मी पुन्हा थांबवलं. मुलांना गोल करून बसवलं, तुला मध्ये उभं केलं आणि दहा वेळा म्हणवून घेतलं. मुलं हसत होती, तूही हसत होतास. दहाव्या वेळी बरोबर आला. मी शाबास म्हटलं आणि विचारलं, हं, काय सांगत होतास? तू कागदाची घडी खिशात घातलीस आणि म्हणालास, काही नाही बाई.

तू बावीस वर्षांचा होतास. मी पुढे विचारलं नाही. मला तुझा उच्चार हवा होता, तो मिळाला होता.

तेव्हा पत्राच्या पहिल्या ओळीतली तारीख मी आता बदलते. १५ डिसेंबर १९६३, चार वाजून पन्नास मिनिटांनी जे घडलं तो गोल होता. अन्याय घडला तो २४ जून १९५९ रोजी संध्याकाळी साडेपाचला, आणि तो मी केला. पहिली ओळ खोडायचं मनात आलं होतं, पण चूक खोडू नका, तिच्याखाली रेघ मारून बरोबर लिहा, असं मीच तुम्हाला शिकवलं आहे. सुकलालभाईंना मी वेगळं पत्र घातलं आहे. त्यात काय लिहिलं ते त्यांना विचार. तुमचा जावई माझ्यापेक्षा सरळ आहे, एवढं त्यातलं एक वाक्य तुझ्या कानावर घालते.

आणि आता, हे सगळं लिहिलं कशासाठी ते. सव्वीस जानेवारीला रविवार आहे आणि परतीचा सामना नंदुरबारला आहे. मुलांबरोबर तू जायचं आहेस, मी नाही. कारण मी काठावर उभी असले की ती तीनच मोजणार. त्यांच्या डोक्यातून माझा नियम मी नुसतं सांगून जाणार नाही. बाई परीक्षा घेत आहेत असं समजून ती आणखी जोरात मोजतील. म्हणून मला तुझं लेखी उत्तर हवं आहे. तोंडी नको, तोंडी तू हो बाई म्हणशील. एका कागदावर ऑफसाइडचा खरा नियम तुझ्या शब्दांत लिही. तू बोलतोस तसंच लिही, आफसाईड. त्यावर तेव्हा काढलं होतंस तसं मैदान काढ. शिट्टी सलाउद्दीनबरोबर पाठवते आहे, तिच्यावर तुझ्या दातांच्या खुणा आहेत, ती इतर कुणाला लागू पडत नाही. तुझा कागद मी सगळ्या मुलांना मैदानावर बसवून, वाहिदला अगदी पुढे बसवून, मोठ्यानं वाचणार आहे, तुझ्याच उच्चारात, मध्ये न थांबता. पण कागदाच्या सुरुवातीला तीन शब्द असलेच पाहिजेत: बाई, तुम्ही चुकलात. ते नसतील तर मी तो न वाचता परत पाठवीन. उत्तर माझ्या हातात गुरुवार, २३ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत पडलं पाहिजे. बाकी सगळीकडे तू दोन मोज, माझी हरकत नाही. हे तीन मात्र मी मोजून घेणार आहे.

तीळगुळाची वाटी अजून झाकलेली आहे.

तुझीच,
बाई